चोक ओढल्यावर

लोटलीच्या एर्मेलिंदाबायची मॉरिस,
अठ्ठावन्न सालची, रंग कैरीच्या सालीचा,
माझ्या बोरीच्या गॅरेजात आली दोरीला बांधून.
मागच्या सीटवर खोका, लिस्बनहून नातवानं पाठवलेला.
"मेस्त, हे बसव," म्हणाली, "आणि ते काढ."

ते म्हणजे कार्बुरेटर.
ज्याच्या पितळी टोपीत मी सव्वीस वर्षं
दर दिवाळीला आणि दर नाताळाला
चमचाभर तेल घालत आलो.
ज्याची सुई उजेडात धरून पाहिली आहे
शिंपी पाहतो तशी, एक डोळा मिटून.
रबरी नळीचं एक टोक त्याच्या तोंडाशी, एक माझ्या कानात,
नटाचा एकेक कोन फिरवत ऐकायचं
श्वास जाड आहे की पातळ,
उपाशी आहे की अजीर्ण झालंय.
प्लगवर बिस्किटाचा रंग आला
की हात धुवायचे.

मी म्हटलं, बाय, राहू दे, अजून चालेल.
अनमोडच्या घाटात दम लागतो खरा,
पण तुम्ही कुठे जाता अनमोडला?
नव्या पेट्रोलातली दारू रबर खाते, तर रबर बदलीन,
बेळगावला मिळतं.
ती हसली नाही. उजवा हात पुढे केला.
मनगट सुजलेलं, आल्याच्या गाठीसारखं.
"चोक ओढायला हे आता येत नाही.
आणि तुला रडायचं असेल
तर आधी काम कर, मग रड."

केलं.
टाकीपर्यंत परतीची नळी टाकली,
सायलेन्सरच्या मानेला भोक पाडून
धूर हुंगणारं नाक तिथं वेल्ड केलं.
या गाडीत बॅटरीचं धन जमिनीला असायचं.
खोक्यातल्या डोक्याला ते चालत नाही,
म्हणून साठ वर्षांचं धन-ऋण एका दुपारी उलटं केलं.
चावी फिरवली.
खोकली नाही, थुंकली नाही,
विचारसुद्धा केला नाही. सुरू.
खरं सांगतो, मला आवडलं.
आवडलं म्हणून राग आला.

महिन्यानं लोटलीला गेलो, बिलाची बाकी होती.
फाटकात शेवंती भांडत होती,
आग्नेल रेंदेर तिच्या बाजूनं.
बाय मंगळवारी आणि शुक्रवारी मडगावला जायची.
चोक ओढला की गाडी तीन मिनिटं गुरगुरायची,
गरम होईपर्यंत,
आणि तेवढ्यात सगळ्या वाड्याला कळायचं.
कोणी औषधाची चिठ्ठी आणायचं, कोणी मोडकी छत्री,
आग्नेलची सून डबा, हॉस्पिसियोतल्या नवऱ्याचा.
फुलांची पाटी मागच्या सीटवर,
पाटीशेजारी शेवंती.
आता चपला सापडायच्या आत
गाडी वळणापलीकडे.

"मेस्त," शेवंती म्हणाली, "तू काहीतरी बिघडवलंस.
पहिल्यासारखं कर. जरा वाईट कर."

जरा वाईट कर.
तसा स्क्रू या यंत्रात नाही.

बायनं पैसे मोजून दिले, पावती मागितली,
शेवंतीला एक शब्द बोलली नाही.
पुढचं मला आग्नेलनं सांगितलं:
शुक्रवारी चावी फिरवली, गाडी लगेच लागली,
आणि ती निघालीच नाही.
काच खाली, हातावरचं घड्याळ समोर धरलेलं,
दोनदा हॉर्न.
थांबायचं काम पूर्वी गाडी करायची.
आता ते बायला करावं लागतं,
फुकट पेट्रोल जाळून.

कार्बुरेटर माझ्या फळीवर आहे, रॉकेलच्या बरणीशेजारी.
विचारलं कोणी तर विकायला आहे.
या नाताळाला टोपी उघडून
चमचाभर तेल घातलं. सवय.
बोटानं पिस्टन वर उचलला, सोडला.
आला सावकाश, घाई नाही,
आणि तळाला टेकल्यावर
टक्.